नासची हार्ड डिस्क घरच्या पीसीत चालते का?

सांगवी : फोटो-व्हिडिओंनी पीसी भरलाय आणि दुकानदार ‘नास’ची हार्ड डिस्क दाखवतोय. घ्यावी का?

बसते का?
हो. साटा पोर्ट आणि पॉवर केबल तीच लागते. विंडोजमध्ये डिस्क फक्त फॉरमॅट करावी लागते.

फरक काय?
नास म्हणजे नेटवर्कला जोडलेली, २४ तास चालणारी साठवणूक पेटी. तिच्यातली डिस्क खराब सेक्टरवर अडली, तर साधारण ७ सेकंदांत प्रयत्न सोडते, कारण तो डेटा जोडीची डिस्क देते. साधी डिस्क बराच वेळ प्रयत्न करत राहते. पीसीत एकटीच असलेल्या नास डिस्कच्या मदतीला मात्र कुणी नसतं. म्हणून बॅकअप हवाच.

घेताना काय पाहाल?
डिस्क ‘सीएमआर’ आहे का, ते तपासा. ‘एसएमआर’मध्ये ट्रॅक कौलांसारखे एकमेकांवर चढलेले असतात. त्यामुळे मोठ्या फायली लिहिताना वेग पडतो. वेस्टर्न डिजिटलच्या २ ते ६ टीबीच्या ‘रेड’ डिस्कमध्ये एसएमआर असल्याचं २०२० मध्ये समोर आलं होतं.

बॅकअप कुठे ठेवाल?
जुन्या सांगवीत पुराचं पाणी घरात शिरल्याचं अनेकांनी पाहिलंय. दुसरी प्रत नातेवाइकांकडे किंवा क्लाउडवर ठेवा.