अपुऱ्या दिवसांची बाळे : भेद रक्तात की व्यवस्थेत?

नवजात शिशू अतिदक्षता विभागावर इतका खर्च का करावा लागतो, असा प्रश्न हितचिंतक आम्हांस वेळोवेळी विचारतात. त्याचे उत्तर देताना अमेरिकेतील एक अनुभव आपणांसमोर ठेवणे आम्हांस उचित वाटते.

गर्भारपणाचे ३७ आठवडे पूर्ण होण्यापूर्वी जन्मलेल्या बाळाची फुप्फुसे पुरती तयार नसतात, अंगातील ऊब टिकत नाही आणि जंतुसंसर्ग चटकन होतो. अमेरिकेत २०२२ साली श्वेतवर्णीय मातांच्या दर शंभर बालकांपैकी सुमारे ९, तर कृष्णवर्णीय मातांच्या १४ ते १५ बालकांचा जन्म असा मुदतपूर्व झाला. त्याच वर्षी पहिल्या वाढदिवसापूर्वी दगावलेल्या बालकांचे प्रमाण दर हजारी अनुक्रमे ४.५ व १०.९ होते.

हा फरक रक्तातलाच असावा, असा समज होता. डॉ. रिचर्ड डेव्हिड व डॉ. जेम्स कॉलिन्स यांनी इलिनॉय राज्यातील जन्मनोंदी अभ्यासून १९९७ साली निष्कर्ष मांडले. आफ्रिकेतून येऊन स्थायिक झालेल्या कृष्णवर्णीय मातांच्या बाळांचे सरासरी वजन ३,३३३ ग्रॅम भरले. श्वेतवर्णीयांचे ३,४४६ ग्रॅम होते. अमेरिकेतच जन्मलेल्या कृष्णवर्णीय मातांच्या बाळांचे मात्र केवळ ३,०८९ ग्रॅम. केवळ वंश हे कारण असते, तर हे आकडे असे आले नसते. मातेने जन्मभर सोसलेल्या परिस्थितीकडेच ते बोट दाखवितात.

जन्मानंतरही भेद सरत नाही. ७४३ अतिदक्षता विभागांचा अभ्यास २०१९ साली प्रसिद्ध झाला. त्यात कृष्णवर्णीय बालके तुलनेने कमी दर्जाच्या विभागांत अधिक प्रमाणात आढळली.

आपल्याकडे भेदाची कारणे निराळी असली, तरी यातील बोध आपलाही आहे. मुंबई उच्च न्यायालयाच्या २००६ सालच्या आदेशान्वये धर्मादाय रुग्णालयांतील १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी विनामूल्य, तर १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात राखीव असतात. खाटांची संख्या हिशेबाच्या वहीत दिसते. मात्र त्या खाटेवरील बाळास तेच यंत्र, तीच औषधे आणि रात्रपाळीस तितक्याच परिचारिका मिळाल्या की नाही, हे वही सांगत नाही. ते पाहणे हे आमचे कर्तव्य होय.

आपल्या देणगीतून खाटेइतकाच हा समान दर्जाही उभा राहतो.