हळदीच्या गोळ्यांचा जमाखर्च

आजोबांची मूत्रपिंडे अधू झाली आणि डॉक्टरांनी केळी बंद केली. शंभर ग्रॅम केळ्यात सुमारे ३६० मिलिग्रॅम पोटॅशियम. ते रक्तात साचले की हृदयाचे ठोके बिघडतात. बऱ्हाणपुरात केळीबंदी म्हणजे शिक्षाच! मग शरीरातला दाह शमावा म्हणून मामांनी हळदीच्या गोळ्या आणल्या. हळदीतील कर्क्युमिनमध्ये दाहशामक गुण आहे खरा. पण हळदीत ऑक्झलेटही भरपूर, आणि त्याचे स्फटिक मूत्रपिंडात साठू शकतात. आमटीतली चिमूट निराळी, रोजच्या गोळ्या निराळ्या. मी वाणिज्यशाखेचा, जमा पाहिली की नावेही पाहतो.

"झाडपाल्याने कुणाचे वाईट झालेय का रे?" आजोबा म्हणाले.

१९९०च्या दशकात बेल्जियममध्ये झाले होते. सडपातळ होण्यासाठी घेतलेल्या चिनी वनौषधींतील अ‍ॅरिस्टोलोचिक आम्लाने शंभराच्या आसपास लोकांची मूत्रपिंडे बिघडली. ते ऐकून आजोबांनी बाटली न उघडताच दवाखान्याच्या पिशवीत टाकली, डॉक्टरांना दाखवायला.