तंबूत बंदूक हवी का?

आमच्या ग्वाल्हेरकडे घरात परवान्याची बंदूक असली तर कुणाला नवल वाटत नाही. गेल्या डिसेंबरात शिवपुरीजवळ ओळखीच्यांच्या शेतावर दोन रात्री तंबूत राहायचं ठरलं, तेव्हा काकांनी स्वेटरच्या आधी बारा बोर काढली. "बिबट्या आला तर टाळ्या वाजवणार का?"

जवळच माधव राष्ट्रीय उद्यान. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणे तिथे वनखात्याच्या लेखी परवानगीशिवाय हत्यार नेता येत नाही. घरचा परवाना दाखवून भागत नाही. "आपण हद्दीबाहेर राहणार," काका म्हणाले. तेही खरंच. मग मी विचारलं, रात्री ती भरून ठेवणार की रिकामी? रिकामी असेल तर काडतूस चाचपडेपर्यंत जनावर थांबणार नाही. भरलेली असेल तर शेजारी तीन पोरं. आणि छर्रे लागून चवताळलेलं अस्वल अंधारात कोण आवरणार? शेवटी काकू म्हणाली, "ती येणार असेल तर मी नाही येत." बंदूक घरी राहिली.

खाण्याचे डबे गाडीत बंद केले. बाहेर जायचं तर मोठ्यांना उठवा, असं पोरांना बजावलं.

दुसऱ्या रात्री दोनच्या सुमारास पाचोळा वाजला. तंबूच्या कापडाला काहीतरी घासलं. काकांचा हात उशाशी गेला. तिथे टॉर्च होती. उजेडात माझा आठ वर्षांचा मुलगा, एकाच पायात चप्पल. लघवीला गेला होता, आपला तंबू सापडेना.

काकांनी त्याला स्वतःच्या रजईत घेतलं. सकाळपर्यंत टॉर्च विझवली नाही.