थेंब उडविणारा तुडतुडा

उत्तर अमेरिकेच्या पूर्व भागात उन्हाळ्यात गुलाबाच्या किंवा ब्लॅकबेरीच्या पानावर एक चिमुकला कीटक दिसतो. लांबी जेमतेम ७-८ मिलिमीटर, तांदळाच्या दाण्याएवढी. पण रंग पाहावेत! पंखांवर लाल आणि निळे-हिरवे पट्टे, पाय पिवळे. ‘ग्राफोसेफाला कॉक्सिनिया’ हे त्याचे शास्त्रीय नाव. आपल्याकडे आंब्यावर व कपाशीवर पडणाऱ्या तुडतुड्यांचा हा भाऊबंदच.

त्याच्याजवळ बोट नेले, तर तो खेकड्यासारखा तिरका सरकत पानामागे दडतो. आणखी जवळ गेलात, की टुणकन उडी! मात्र न हलता पाहत राहिलात तर एक गंमत दिसेल. त्याच्या शरीराच्या मागच्या टोकाशी स्वच्छ थेंब फुगतो आणि क्षणात दूर फेकला जातो. मग दुसरा, मग तिसरा. हा कसला उद्योग?

उत्तर त्याच्या आहारात आहे. हा तुडतुडा वनस्पतीच्या जलवाहिनीत सोंड खुपसून रस पितो. हा रस म्हणजे जवळजवळ नुसते पाणी. अन्नांश अगदी थोडा. म्हणून पोट भरायला खूप प्यावे लागते. त्याच्याच गटातील एक जाती दिवसाकाठी स्वतःच्या वजनाच्या तीनशे पटींपर्यंत रस पिते. चाळीस किलो वजनाच्या मुलाने रोज बारा हजार लिटर पाणी प्यावे, तसे हे झाले!

एवढे पाणी बाहेर टाकायचे कसे? इतक्या लहान जिवाला पृष्ठताण फार जाचतो. थेंब अंगालाच चिकटून बसतो. म्हणून शेपटीकडील एका बारीक काडीवर थेंब तोलून तुडतुडा ती झटक्याने फिरवतो. थेंब आधी दबतो आणि मग चेंडूसारखा उसळतो. शास्त्रज्ञांनी वेगवान कॅमेऱ्याने या गटातील कीटकांचे चित्रण केले, तेव्हा थेंबाचा वेग काडीच्या वेगाच्या सुमारे १.४ पट भरला. हे संशोधन २०२३ साली प्रसिद्ध झाले. अशा रीतीने थेंब टाकायला शक्तीही कमी लागते.

हा नुसता खेळ नव्हे. याच गटातील कीटक रस पिताना द्राक्षवेलींत घातक जीवाणू सोडतात. त्यांच्या खाण्यापिण्याची रीत कळली, तर रोगाचा माग काढणे सोपे जाते.

आपले आंब्यावरचे तुडतुडे मात्र रसवाहिनीतील गोड रस पितात. त्यामुळे त्यांचे थेंब चिकट असतात आणि त्यांवर काळी बुरशी वाढते. पुढच्या मोहोराच्या दिवसांत आंब्याच्या पानाला हात लावून पाहा. चिकट लागले, तर कारण तुम्हांला ठाऊक आहेच!