सुई भाजीच्या देठांत का?

गेल्या दिवाळीच्या आवराआवरीतली गोष्ट. आमच्या गावाजवळच्या विद्यापीठाच्या आवारात माझी मैत्रीण राहते. तिच्याकडे गेले, तर झाडझूड करणाऱ्या मावशी जिन्यात बसलेल्या, बोटाला फडकं गुंडाळलेलं.

"काय झालं हो मावशी?"

"काही नाही ताई, पिशवी उचलताना सुई टोचली."

कुणाच्या तरी घरातली इन्सुलिनची सुई, भाजीच्या देठांबरोबर टाकलेली! बोट साबणाने वाहत्या पाण्याखाली धुतलं आणि मावशींना लगेच दवाखान्यात नेलं. सुदैवाने सगळं ठीक निघालं. पण तपासण्या संपेपर्यंत त्या माउलीच्या डोळ्याला डोळा नव्हता.

मैत्रिणींनो, विद्यापीठ म्हणजे एक छोटं गावच. प्राध्यापकांची घरं, वसतिगृहं, कॅन्टीन. घरात जे निघतं तेच तिथेही निघतं, पण शेकडो खोल्यांतून. सेल, जुन्या ट्यूबलाइट, मुदत संपलेली औषधं, रंगाचे डबे, झुरळांच्या औषधाच्या बाटल्या, सुया. २०१६ च्या घनकचरा नियमांनी हा 'घरगुती घातक कचरा' म्हणून वेगळा काढायला सांगितला. पण ओला-सुका म्हणताना आपण दमतो, तिसऱ्याचं नाव कोण घेणार?

आमच्या मंडळाच्या बायकांनी मग कुलसचिवांचं दार ठोठावलं. चार फेऱ्या झाल्या, तेव्हा कुठे एक रिकामी खोली मिळाली. सावलीतली, हवेशीर, कुलूप असलेली. महिन्यातून एक दिवस ठरला. आलेल्या वस्तूंची नोंद वहीत होते आणि पुढे त्या नगरपालिकेमार्फत ठरलेल्या ठिकाणी जातात.

शिकलो ते तुम्हालाही सांगते. सुया जाड प्लॅस्टिकच्या बाटलीत टाकून झाकण घट्ट लावायचं. ट्यूबलाइट फोडायची नाही, तिच्या खोक्यातच ठेवायची. आत पारा असतो. फुटलीच तर पंखा बंद, खिडक्या उघड्या, मुलं बाहेर. काचा झाडूने लोटायच्या नाहीत, जाड पुठ्ठ्याने गोळा करायच्या. मोबाइलच्या बॅटरीच्या टोकांना चिकटपट्टी लावायची, नाहीतर एकमेकींना लागून आग लागू शकते. औषधाची बाटली मूळ लेबलसकट ठेवायची, कोल्ड्रिंकच्या बाटलीत तर कधीच ओतायची नाही. आणि संडास साफ करायचं ॲसिड व ब्लीचिंग पावडर शेजारी ठेवायची नाही. दोन्ही मिसळली की क्लोरीन वायू सुटतो.

प्रयोगशाळेच्या कचऱ्याचे नियम निराळे, तो या खोलीत घेत नाही. पण हलगर्जीपणा काय करतो, ते २०१० साली दिल्लीत दिसलं. दिल्ली विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागाने वापरात नसलेलं एक जुनं यंत्र लिलावात भंगारात काढलं. त्यात किरणोत्सारी कोबाल्ट होतं. मायापुरीच्या भंगार बाजारात ते फोडलं गेलं. एक जण प्राणाला मुकला, कितीतरी जण होरपळले. यंत्र विद्यापीठाचं आणि जीव गेला भंगारात काम करणाऱ्याचा.

आपण पिशवीला गाठ मारतो आणि विसरतो. ती गाठ सोडणारा हात मात्र कुणाचा तरी असतोच. आज घरात एक जुना डबा शोधा, त्यावर 'घातक' असं ठळक लिहा आणि मुलांचा हात पोचणार नाही अशा फळीवर ठेवा. मावशींचं बोट आठवलं की तो डबा तुम्ही विसरणार नाही.