पडद्याआडची सत्ता आणि विहिरीतला मोती

ज्याच्या नावाने ४० कोटी प्रजेवर हुकूम सुटत, त्याला स्वतःची बायको निवडता येऊ नये, याला काय म्हणावे? चीनचा सम्राट ग्वांगशू याच्या कपाळी हेच लिहिले होते. राजवाड्यांतली कारस्थाने मी पुष्कळ वाचली आहेत. परंतु या दुबळ्या राजाची आणि त्याच्या लाडक्या राणीची हकीगत वाचून जी हुरहुर लागली, ती काही केल्या जाईना.

या कथेची सूत्रे जिच्या हाती होती, तिची ओळख आधी करून दिली पाहिजे. त्सू-शी १८५२ साली पेकिंगच्या राजवाड्यात आली ती कनिष्ठ दर्जाची उपपत्नी म्हणून. १८५६ साली तिला मुलगा झाला आणि तिचे दैव फळफळले, कारण सम्राटाचा जगलेला मुलगा तो एकच. १८६१ साली सम्राट वारला. त्याने नेमलेल्या आठ कारभाऱ्यांना तिने थोरल्या महाराणीच्या साथीने काही महिन्यांतच बाजूला सारले. सिंहासनावर अजाण पोर, मागे पडदा, आणि पडद्याआड राज्य करणाऱ्या या बायका! मुजरे सिंहासनाला होत, पण दरबाऱ्यांचे कान असत पडद्याकडे.

१८७५ च्या आरंभी हा मुलगा निपुत्रिक वारला. तेव्हा त्सू-शीने आपल्या सख्ख्या बहिणीचा साडेतीन वर्षांचा मुलगा गादीवर आणून बसवला. तोच ग्वांगशू. तो मावशीला हाक मारी ती चक्क 'वडील' या अर्थाच्या शब्दाने! आईपाशी हट्ट धरता येतो. या वडिलांपुढे मात्र गुडघे टेकावे लागत.

१८८९ साली त्याचे लग्न झाले. वधू कोण? त्सू-शीच्या भावाची मुलगी, नवऱ्याहून तीन वर्षांनी मोठी. वधूनिवडीची एक गोष्ट सांगतात. पाच मुली रांगेत उभ्या होत्या. जिला पट्टराणी करायचे, तिच्या हाती सम्राटाने एक शुभचिन्ह द्यायचे. तो भलत्याच मुलीकडे वळताच मागून त्सू-शीची हाक आली, "महाराज!" हात थबकला आणि शुभचिन्ह भाचीच्या हाती पडले. ही गोष्ट खोजांनी सांगितलेली, तेव्हा तिला थोडे तिखटमीठ लागले असेलही. दुसरी हकीगत मात्र पक्की आहे. लग्न महिन्यावर आले असता राजवाड्याचा एक मोठा दरवाजा आगीत जळाला. मुहूर्त टळू नये म्हणून कारागिरांनी लाकूड आणि कागद यांचा हुबेहूब तसाच दरवाजा उभा केला. दरवाजा कागदी, आणि नवरदेवाची मर्जीही कागदावरचीच!

त्याच निवडीत दोन सख्ख्या बहिणी राजवाड्यात आल्या. धाकटी अवघी तेरा वर्षांची. तिचे नाव जेन, म्हणजे रत्न. इंग्रजी लेखकांनी तिला 'मोती' म्हटले, आपणही मोतीराणीच म्हणू. ती बोलकी होती, तिला फोटो काढण्याचा नाद होता, असे सांगतात. पट्टराणीकडे पाठ फिरवणारा सम्राट हिच्यापाशी रमू लागला.

कोणी म्हणेल, रमला तर रमू द्यावा, त्यात त्सू-शीचे काय गेले? वाचकहो, मेख येथेच आहे. लाडक्या राणीला मुलगा झाला म्हणजे काय होते, हे त्सू-शीइतके त्या वाड्यात कोणाला ठाऊक होते? ती स्वतः त्याच जिन्याने वर चढली होती. मोतीराणीकडे पाहताना तिला आपलेच तरुणपण दिसत असले पाहिजे. आपल्या घरात सुनेवरची माया फार तर सासूला खुपते. तेथे तिच्या पायी गादी हलू शकत होती.

शिवाय राणीचा भाऊ आणि तिचे गुरू वन तिंगशी हे दोघेही सम्राटाच्या पक्षाचे. १८९४ साली जपानशी युद्ध जुंपले, तेव्हा लढाईचा आग्रह याच पक्षाचा होता. चिनी फौजा हरू लागल्या आणि त्याच हिवाळ्यात मोतीराणीवर गदा आली. थाटमाट केला, वशिले लावले, असा ठपका ठेवून दोघी बहिणींचा दर्जा उतरवण्यात आला. ठपका अगदीच खोटा नसावा, पण त्या दरबारात वशिल्यावाचून पान हलत नव्हते. राणीने कसे वागावे याची ताकीद लिहिलेला फलक तिच्याच महालात टांगला गेला! भावाची रवानगी दूर मंगोलियात झाली. वर्षभराने दर्जा परत मिळाला, पण पहारा काही उठला नाही.

१८९८ च्या उन्हाळ्यात सम्राटाने धीर केला. नव्या शाळा, नव्या परीक्षा, नवा कारभार यांसाठी ११ जूनपासून १०३ दिवस त्याच्या फर्मानांचा पाऊस पडला. २१ सप्टेंबरला त्सू-शीने सत्ता पुन्हा उघडपणे हाती घेतली. सहा सुधारकांचा शिरच्छेद झाला. सम्राट तळ्यातल्या एका बेटावर नजरकैदेत पडला आणि मोतीराणी राजवाड्याच्या ईशान्य कोपऱ्यात कोंडली गेली. मध्ये अंतर कितीसे? पायी जाण्याइतके. पण ते कोण ओलांडू देणार!

१९०० साली बॉक्सरांचे बंड झाले आणि १४ ऑगस्टला परकीय फौजा पेकिंगात घुसल्या. इंग्रजांच्या फौजेत आपले शीख आणि रजपूत शिपाईही होते. दुसऱ्या दिवशी पहाटे त्सू-शीने शेतकरणीचे निळे सुती कपडे चढवले आणि निघण्यापूर्वी मोतीराणीला बोलावणे धाडले. कोणी सांगतात, "सम्राटांनी राजधानी सोडू नये," असे राणी म्हणाली. कोणी सांगतात, परक्यांच्या हाती अब्रू जाण्याआधी मर, असे तिला फर्मावण्यात आले. शेवट दोहोंतही एकच. त्सुई नावाच्या खोजाने तिला विहिरीत लोटले. वय २४. सम्राटाला सोबत घेऊन त्सू-शी सियानच्या वाटेला लागली.

'ध'चा 'मा' करणाऱ्या आनंदीबाईची गोष्ट ऐकत वाढलेल्या आपल्याला ही खलनायिका चटकन पटते. पण एका बाईच्या माथी सारे मारून मोकळे होणे मला रुचत नाही. जेथे पाळणा हलला की सत्ता हलते, तेथे जी बाई पडद्याआड बसेल, तिला दुसरीच्या सुखाचे भय वाटणारच.

१९०१ साली फर्मान निघाले की, राणी लवाजम्याला गाठू शकली नाही, म्हणून तिने राजवाड्यातच प्राणार्पण केले. तिला वरची पदवीही बहाल झाली. त्या दप्तरात प्रेमाला रकाना नव्हता. शिक्षा, ताकीद आणि बढती एवढेच नोंदले जाई. पण कुलपे किती घातली, यावरून आत काय होते ते आपण ओळखतोच.

१४ नोव्हेंबर १९०८ रोजी सम्राट ३७ व्या वर्षी वारला. दुसऱ्याच दिवशी त्सू-शीही गेली. बरोबर १०० वर्षांनी, २००८ साली, त्याच्या केसांच्या तपासणीत सोमल सापडल्याचे चिनी शास्त्रज्ञांनी जाहीर केले. आणि ती भाची? १२ फेब्रुवारी १९१२ रोजी राजघराण्याने गादी सोडल्याचे फर्मान निघाले, ते तिच्याच नावाने. जी गादी राखण्यासाठी एवढा पहारा बसवला, ती अशी गेली.

आज त्या राजवाड्याचे संग्रहालय झाले आहे. भव्य सिंहासने पाहून झाल्यावर लोक ईशान्य कोपऱ्यातल्या एका अरुंद तोंडाच्या विहिरीपाशी येतात आणि घटकाभर थांबतात. त्या विहिरीला सम्राटाचे नाव नाही, त्सू-शीचेही नाही. ती मोतीराणीची विहीर आहे.