पाचवा रकाना

एका मनोविकारतज्ज्ञांच्या निवृत्तीचा सत्कार होता. पुण्यातलं सभागृह, शाल, श्रीफळ, सगळं रीतीप्रमाणे. परिचय वाचता वाचता निवेदिकेनं सरांचा एच-इंडेक्स सांगितला आणि सभागृहानं टाळ्या वाजवल्या. शेजारच्या काकूंनी माझ्याकडे वळून विचारलं, "म्हणजे काय हो?" मीही टाळ्या वाजवल्या होत्या, त्यामुळे जरा पंचाईत झाली. आमच्या रांगेच्या टोकाला बसलेल्या एक बाई मात्र टाळ्या न वाजवता पिशवीत चष्म्याचं घर शोधत होत्या. चहाच्या वेळी कळलं, त्या सरांच्याच महाविद्यालयाच्या ग्रंथपाल. तो आकडा त्यांनीच काढून दिला होता.

"मग टाळ्या का नाही वाजवल्या?"

"आकडा गेल्या मंगळवारचा होता," त्या म्हणाल्या. "एव्हाना बदलला असेल."

एवढ्या एका वाक्यापायी मी पुढच्या आठवड्यात त्यांच्या ग्रंथालयात जाऊन बसले.

तळमजला. दारातून आत गेलं की आधी वास येतो: डांबरगोळ्या आणि बांधणीची खळ. वैद्यकीय नियतकालिकांचे बांधीव खंड भिंतभर उभे आहेत आणि त्यांना आता फारसं कोणी हात लावत नाही. विद्यार्थी येतात ते वातानुकूलनासाठी आणि चार्जिंगसाठी. बाईंचं टेबल या खंडांच्या सावलीत आहे. संगणक, शेजारी कोऱ्या चहाचे दोन कप, आणि लाल कापडी पाठीची एक लांबडी वही.

महाविद्यालयाच्या दर्जासाठी नॅकचं मूल्यांकन आलं, एनआयआरएफची क्रमवारी आली, कुणाची बढती आली की बाईंना बोलावणं येतं. अमुक प्राध्यापकांचे लेख किती, ते इतरांनी किती वेळा उद्धृत केले, ते काढून द्या. ग्रंथालयशास्त्राच्या पुस्तकात याला उद्धरण म्हणतात. सगळा स्टाफ सायटेशन म्हणतो, बाईही तेच म्हणतात.

चालू फाइल त्यांनी मला दाखवली नाही, ते बरोबरच होतं. "आपण गोव्याचं उदाहरण घेऊ," म्हणाल्या. त्यांचं माहेर पेडण्याचं. उदाहरण म्हणजे डॉ. विक्रम पटेल. जन्म मुंबईचा, सुरुवातीचं संशोधन झिम्बाब्वेत हरारेला, 1996 मध्ये गोव्यात 'संगाथ' ही संस्था उभी करणाऱ्यांपैकी एक, आता हार्वर्डमध्ये प्राध्यापक. मनोविकारशास्त्रात जगभर ज्यांचा हवाला दिला जातो, त्या मोजक्या भारतीय नावांपैकी हे एक.

पहिली अडचण नावाचीच. व्ही. पटेल असं टाकलं की हृदयरोगवाले, रसायनवाले, दातांचे डॉक्टर, सगळे एका रांगेत येऊन उभे राहतात. संशोधकांना सोळा अंकी ओर्सिड क्रमांक मिळू लागला तो 2012 पासून. त्याआधीचं सगळं निवडायचं. बाई निवडतात ते तांदूळ निवडल्यासारखं. डोळे पडद्यावर आणि बोट खाली सरकत असतं, एखाद्या नावावर ते अडतं. "हे मूत्रपिंडवाले. काढा."

दुसरी अडचण आकड्याची. गूगल स्कॉलरवर तो सगळ्यात मोठा, कारण तिथे प्रबंध, अहवाल, सगळं धरलं जातं. स्कोपस या सूचीत कमी. वेब ऑफ सायन्समध्ये बहुतेकदा त्याहून कमी. "परिचयपत्रात कुठला लिहितात?" मी विचारलं. बाईंनी नुसतं माझ्याकडे पाहिलं.

एच-इंडेक्स त्यांनी मला पेन्सिलीनं पाच ओळींत शिकवला. पाच लेख, त्यांना सायटेशन 10, 8, 5, 4, 3. उतरत्या क्रमानं मांडायचे. चौथ्या लेखाला चार आहेत, पाचव्याला पाच नाहीत. एच चार. कॅलिफोर्नियातल्या होर्खे हिर्श नावाच्या भौतिकशास्त्रज्ञानं 2005 मध्ये सुचवलेली ही युक्ती. त्याच्याही आधी, 1955 मध्ये, युजीन गारफील्ड यांनी कोण कुणाचा हवाला देतो याची सूची करावी अशी कल्पना मांडली आणि 1960 च्या दशकात ती जाडजूड खंडांतून छापूनही आणली. गारफील्डना हवा होता माग: एखादी कल्पना कुठून निघाली आणि कुठे पोचली. गुणपत्रिका नंतर झाली.

आता ती लाल वही. तिला पाच रकाने आहेत. लेख, वर्ष, नियतकालिक, आकडा आणि 'कशासाठी'. पहिले चार कुठल्याही तक्त्यात असतात. पाचवा बाईंनी स्वतः आखला, कुणीही सांगितलेलं नसताना. दर मोठ्या लेखामागे त्याचा हवाला देणारे वीसपंचवीस लेख त्या उघडतात, नाव नेमकं कुठे आलंय ते वाक्य शोधतात आणि एक शब्द लिहितात. सगळे का नाही? "सगळे उघडायला दुसरा जन्म घ्यावा लागेल."

शब्द चारच आहेत. हार, पाया, हत्यार, वाद.

हार म्हणजे काय ते त्यांनी पडद्यावर दाखवलं. वाक्य साधं: मानसिक आजारांचं ओझं मोठं आहे. त्याच्या डोक्यावर बारीक आकडे, 3 ते 11. नऊ लेख एका दोऱ्यात ओवलेले. "हारातलं फूल," बाई म्हणाल्या. "वाहणाऱ्यानं ते हुंगलंच असेल असं नाही." 2007 मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात मार्टिन प्रिन्स, पटेल आणि इतरांचा लेख आला, मानसिक आरोग्याशिवाय आरोग्य नाही अशा अर्थाच्या मथळ्याचा. तो हजारो वेळा उद्धृत झाला आहे. वहीत त्याच्यापुढे एकाखाली एक 'हार' लिहिलेलं दिसतं, मधूनच एखादा 'पाया', म्हणजे ज्यावर पुढचं काम खरंच उभं आहे असा. मथळाच इतका सोयीचा की प्रस्तावनेत टाकला की काम झालं.

आणि मग वहीत एक पान आहे जिथे कोपऱ्यात पेन्सिलीनं 2796 लिहिलंय आणि त्याखाली दोन रेघा आहेत. सायटेशनचा आकडा असेल असं समजून मी विचारलं.

"छे. ही माणसं आहेत. सत्तावीसशे शहाण्णव."

लेख पटेल आणि सहकाऱ्यांचा, डिसेंबर 2010 चा, लॅन्सेटमधलाच, गोव्यातल्या 'मानस' या चाचणीचा. बारा सरकारी प्राथमिक आरोग्य केंद्रं आणि बारा खासगी दवाखाने. अंगदुखी, झोप नाही, थकवा, अशा तक्रारी घेऊन रांगेत बसलेल्यांतून नैराश्यानं किंवा चिंतेनं ग्रासलेले लोक प्रश्नावलीनं हुडकले. निम्म्या ठिकाणी त्यांच्यासाठी एक समुपदेशक बसवला. तो डॉक्टर नव्हता, मानसशास्त्रज्ञही नव्हता. स्थानिक, शिकवून तयार केलेला साधा माणूस. गरज पडली तरच डॉक्टर आणि औषध, वर मनोविकारतज्ज्ञाची देखरेख. सहा महिन्यांनी सरकारी केंद्रांत आजाराचं पक्कं निदान झालेल्यांपैकी जवळपास 66 टक्के लोक बरे झाले होते. जिथे समुपदेशक नव्हता तिथे साडेबेचाळीस. खासगी दवाखान्यांत मात्र समुपदेशक असण्यानसण्यानं फारसा फरक पडला नाही.

हे शेवटचं वाक्य बाईंना फार महत्त्वाचं वाटतं. हवाला देताना कुणी ते लिहितं, कुणी गाळतं, आणि गाळलं तरी सायटेशन एकच मोजलं जातं. वहीत अशा ठिकाणी 'पाया' लिहून पुढे बारीक फुली आहे. मी पानं उलटत गेले, फुल्या होत्या बऱ्याच.

"सत्तावीसशे शहाण्णव," बाई पुन्हा म्हणाल्या. "आमच्या पेडण्याचंही कोणी असेल त्यात. त्यांना कल्पना तरी असेल का, की इथे पुण्यात मी त्यांची मोजदाद करत बसलेय?" मग लगेच म्हणाल्या, "त्यांची नाही म्हणा. त्यांच्यावर लिहिलेल्याची." आणि थंड झालेला चहा पिऊन टाकला.

हत्यार हा शब्द त्यांच्या मते सगळ्यात मानाचा. मनोविकारशास्त्रात प्रचंड सायटेशन मिळवणाऱ्या लेखांत मोजपट्ट्याच पुष्कळ: मॅक्स हॅमिल्टन यांची 1960 ची नैराश्याची मोजपट्टी, 2001 ची नऊ प्रश्नांची पीएचक्यू. ज्यानं वापरली त्याला नाव घ्यावंच लागतं. पटेलांच्या नावावरही असं एक हत्यार आहे, आणि ते हरारेच्या दिवसांतलं. तिथले शोना भाषक आपलं दुखणं 'कुफुंगिसिसा' या शब्दात सांगतात. अर्थ, फार विचार करणं. आपल्याकडेही सून दवाखान्यात येते तेव्हा सासू डॉक्टरांना हेच सांगते, "ती विचार फार करते हो." पटेल आणि सहकाऱ्यांनी लोकांच्या अशाच बोलण्यातून चौदा प्रश्नांची शोना प्रश्नावली बांधली, ती 1997 मध्ये छापून आली. जवळजवळ वीस वर्षांनी, 2016 मध्ये, त्याच हरारेत डिक्सन चिबांडा यांनी 'फ्रेंडशिप बेंच'ची चाचणी प्रसिद्ध केली. दवाखान्याच्या आवारातलं लाकडी बाक, त्यावर बसून ऐकून घेणाऱ्या आरोग्यसेविका, ज्यांना लोक आजी म्हणतात. चोवीस दवाखाने, 573 माणसं. ती बरी होताहेत की नाही हे मोजलं ते त्याच चौदा प्रश्नांनी. बाईंच्या वहीत तिथे 'हत्यार' असं ठळक लिहिलंय. मोजणीत त्याचीही किंमत एकच, हारातल्या फुलाएवढी.

वादाचीही किंमत एकच. ब्रिटनमधले मनोविकारतज्ज्ञ डेरेक समरफील्ड यांनी 2012 मध्ये 'जागतिक मानसिक आरोग्य' या सगळ्या चळवळीविरुद्धच लिहिलं; पाश्चात्त्य निदानं जगभर नेऊन लावण्यावर त्यांचा रोख होता. मला त्यांचा मुद्दा पूर्ण पटत नाही, कुफुंगिसिसापासून सुरुवात करणाऱ्या पटेलांना तर तो निम्माच लागू पडतो. पण विरोधकानं नाव घेतलं तरी आकडा वाढतोच. अँड्र्यू वेकफील्डचा 1998 चा लस आणि ऑटिझमबद्दलचा लेख लॅन्सेटनं 2010 मध्ये मागे घेतला, तरी त्याची सायटेशनं थांबलेली नाहीत.

दुपारी साडेतीनला शिपाईमामा फाइल न्यायला आले. बाईंनी छापील तक्ता काढला, सही केली, तारीख घातली आणि तारखेपुढे वेळही. तक्त्यात रकाने चार.

"पाचवा का नाही जोडत?" मी विचारलं.

"एकदा जोडला होता. 'मॅडम, हे फॉरमॅटमध्ये नाही' म्हणून परत आला."

मामा गेले. बाईंनी वही मिटून कपाटात, बांधीव खंडांच्या मागे ठेवली. ग्रंथालयातल्या प्रत्येक वस्तूला दाखल क्रमांक असतो, खुर्चीलासुद्धा. या वहीला तो नाही. त्यामुळे येत्या जूनमध्ये निवृत्त होताना कुणाची परवानगी न घेता त्या ती घरी नेणार आहेत.